उठता उठता विचारलेला प्रश्न

आज लैंगिक आरोग्याच्या समुपदेशनासाठी एक तरुणी आली होती. दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलली आणि उठता उठता हळूच म्हणाली, "ताई, काहीच त्रास नसेल तर तपासणी कशाला करायची?"

मी तिला परत बसवलं. क्लॅमिडिया, गनोरिया हे लैंगिक संबंधांतून पसरणारे संसर्ग झालेल्या बायकांमध्ये बहुतेकदा लक्षणंच दिसत नाहीत, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात रोज १० लाखांहून अधिक नवे लैंगिक संसर्ग होतात, तेही बरे होऊ शकणारे! सिफिलिस तर पेनिसिलिनने बरा होतो. गरोदरपणात वेळेवर कळला तर बाळही वाचतं.

मग आपण अजून भीतीच का घालत बसतो? घाबरलेला माणूस तपासणीला येत नाही, लपतो. निरोध, गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणारी एचपीव्हीची लस, नियमित तपासणी याबद्दल आपण रक्तदाबाइतक्या सहजपणे बोलायला हवं. सुखाबद्दल, संमतीबद्दलही. मला हे फार मनापासून वाटतं.

जोडीदाराचे उपचार झाले नाहीत तर संसर्ग पुन्हा होऊ शकतो, हे ऐकून ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "त्यालाही घेऊन येऊ?"

उद्या दोघं येणार आहेत.