लाडाचा चाफा, बिनलाडाचा चाफा

परवा दुपारी वाळलेले कपडे काढायला गॅलरीत गेले आणि समोर मीटर रूमच्या पत्र्याकडे लक्ष गेलं. होळीच्या सुमारास तारांना लागतात म्हणून सोसायटीतल्या देवचाफ्याच्या फांद्या छाटल्या होत्या, छाटणाऱ्यांनी त्यातली एक तिथेच वर भिरकावून दिलेली. एप्रिलचं पुण्याचं ऊन, खाली तापलेला पत्रा, माती नाही, पाणी नाही, आणि ती बया चक्क फुललेली! एकुलती एक पानाची पालवी आणि त्यावर पाच-सहा फुलांचा झुबका, पांढरीशुभ्र, मधे पिवळी झाक, सगळं जागच्या जागी.

आणि खाली ड्रममधला माझा सोनचाफा, आदल्या संध्याकाळी लग्नाला गेलो म्हणून पाणी चुकलं तर माना टाकून बसलेला.

म्हणायला दोघंही चाफेच, पण नात्यातले अजिबात नाहीत. सोनचाफा मॅग्नोलियाच्या घराण्यातला, इथलाच, सह्याद्रीच्या जंगलात उंचच उंच वाढणारा. देवचाफा म्हणजे प्लुमेरिया, कण्हेरीच्या कुळातला, मूळचा मेक्सिको-कॅरिबियनकडचा. पोर्तुगीजांच्या काळात कधीतरी इकडे आला असं म्हणतात, आणि आता दीपमाळेशेजारी असा काही उभा असतो की देऊळच त्याच्यामागून बांधलं असावं.

देवचाफा लावण्यात काय कौशल्य लागत असेल तर ते गप्प बसण्याचं. हातभर फांदी तोडायची, सावलीत आठ-दहा दिवस टाकून द्यायची, चीक सुकून तोंड बंद झालं की भुसभुशीत मातीत खोचायची आणि मग विसरायचं. इथेच लोकांचं चुकतं, प्रेमाने रोज तांब्याभर पाणी घालतात आणि महिन्याभरात फांदी बुडाशी मऊ होऊन कुजते. मांसल फांद्यांमधे पाण्याचा साठा असतोच, त्यावर देवचाफा आरामात दिवस काढतो. पावसाच्या शेवटी पानांच्या मागे नारिंगी पूड दिसते, तो तांबेरा, पडलेली पानं गोळा करून टाकायची की झालं. थंडीत पानं झडतात आणि मग दर जानेवारीत आमच्या ग्रुपवर कोणीतरी नवीन भाडेकरू फोटो टाकतो, "झाड वाळलंय, काढून टाकूया का, पार्किंगला जागा होईल." मी दरवर्षी तोच मेसेज कॉपी करून टाकते.

सोनचाफ्याचं मात्र नव्या जावयासारखं. कलमच आणायचं, कारण बियांपासून केलं तर फुलायला सात-आठ वर्षं लागू शकतात आणि बी तरी कुठे टिकतं, ताजंच पेरावं लागतं. कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. जोडाखालून फूट आली की लगेच खुडायची, नाहीतर खालचं रानटी झाड जोर धरतं आणि वरचं कलम राहतं बाजूला. पाणी तर रोज हवं पण साचलेलं चालत नाही. शेणखत, निंबोळी पेंड, बुडाशी नारळाची सोडणं पसरून ठेवायची म्हणजे ओल टिकते. एवढं करून आमच्याकडे बोअरचं पाणी जड आणि माती चुनखडीची, त्यामुळे पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, म्हणजे जमिनीत लोह असून त्याला घेता येत नाही. मग नर्सरीवाला फेरस सल्फेटची पुडी देतो. आणि खवलेकीड! फांदीवर करड्या-तपकिरी टिकल्या चिकटलेल्या दिसतात, वाटतं सालच आहे, पण मुंग्यांची रांग वर-खाली चालू असली की समजायचं. त्या टिकल्यांतून चिकट पाझरतं आणि खालच्या पानांवर काळी काजळी धरते. त्यावर माझा उपाय म्हणजे जुना टूथब्रश, साबणाचं पाणी आणि थोडं कडुनिंबाचं तेल. संध्याकाळी स्टूल टाकून मी झाडाचे दात घासत असते असं वरच्या मजल्यावरच्या काकू सगळ्यांना सांगतात.

आणि त्या काकूंचंच आणखी एक, चाफ्यावर भुंगा बसत नाही म्हणे. हे मी लहानपणापासून ऐकतेय, आजीही म्हणायची. पण मॅग्नोलियाच्या घराण्याचं परागीभवन चालतं तेच मुळात भुंगेऱ्यांवर, मधमाश्या जगात यायच्या आधीपासूनचं घराणं आहे ते. फसवाफसवी करतो तो देवचाफा. त्याच्या फुलात मध नसतोच, रात्री वास सोडून पतंगांना बोलवायचं आणि उपाशी परत पाठवायचं. दिसायला किती सोज्वळ!

आजीला देवचाफा फक्त पूजेला चालायचा, डोक्यात नाही. कोकणातल्या गावी आम्ही पोरी देवळाच्या आवारात पडलेल्या फुलांच्या अंगठ्या करायचो, आणि फांदी मोडली की चीक फ्रॉकला लागायचा, तो डाग जातच नाही, मग मार. सोनचाफ्याचं झाड परसात विहिरीच्या पलीकडे, इतकं उंच की फुलं दिसायची कमी आणि वासच जास्त यायचा. सकाळी काका लांब बांबूला आकडी बांधून फुलं काढायचा, आम्ही खाली ओढणी धरून उभ्या. एक देवाला, एक आजीच्या अंबाड्यात आणि एक औषधाच्या काचेच्या बाटलीत पाणी भरून आत सोडलेलं. ती बाटली कपाटावर असायची. बाटलीतल्या पाण्यात फूल मोठं दिसतं आणि बरेच दिवस तसंच राहतं. मला ती बाटली आवडायची नाही खरं तर, वास नसलेला सोनचाफा कशाला पाहिजे. अजूनही शोकेसमधे कुणाकडे दिसली की उघडावीशी वाटते. दादरला वसईहून येणारी चाफ्याची पुडी घेतली की मी ती आधी नाकाशी धरते, मग पैसे देते.

पण हे लिहिता लिहिता आठवतंय, त्या परसातल्या झाडाला कोणी कधी पाणी घातलेलं मी बघितलेलं नाही. शेणखत नाही, टूथब्रश तर नाहीच. विहीर शेजारी होती पण कळशी कधी त्याच्यासाठी भरली नाही. खाली तांबडी, आंबट जांभ्याची माती, वरून वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पुण्यात 700. आणि देवळातला देवचाफाच तिकडे कुरकुरायचा, श्रावण-भाद्रपदात पानं सगळी तांबेऱ्याने भरलेली, एक-दोन फांद्या दरवर्षी कुजून पडायच्या. म्हणजे माझा हा ड्रममधला काही जन्मजात लाडोबा नाही, त्याला मी घाटावर आणून उन्हात उभा केलाय एवढंच.

हे सगळं नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, मग पावसाआधी गावाला नेऊन लाव, तिथे राहील सुखात. बोलायला सोपं आहे. आजी गेल्यावर घराला कुलूप आहे, काकाही गेला, सातबाऱ्यावर आता वारसांची इतकी नावं चढलीत की त्यातल्या निम्म्यांना मी समोरून ओळखणार नाही, आणि मागच्या वेळी चुलतभावाने फोनवर सहज विचारलं होतं, परसातला चाफा लाकडाला कितीला जाईल गं. मी म्हटलं मला माहीत नाही. फोन ठेवल्यावर पुन्हा त्याला केलेला नाही.