सिस्बरीच्या चकमक-खाणी: आधी म्युझियम, मग टेकडी, आणि ए-२४ महामार्ग पायी ओलांडू नका

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाकते, कारण त्यापायी आमचा अर्धा दिवस फुकट गेला. सिस्बरी रिंग या टेकडीवर अश्मयुगातल्या माणसांनी चकमकीचा दगड (फ्लिंट) काढायला खाणी खोदल्या, पण त्यांत उतरता येत नाही. एका प्रवासवर्णनात ‘शिडीने नवाश्मयुगीन खाणीत उतरण्याचा थरार’ असं वाचून आम्ही हेडलॅम्प घेऊन गेलो होतो. तो थरार नॉरफकमधल्या ग्राइम्स ग्रेव्ह्जचा. तिथे सुमारे नऊ मीटर खोल विवर पर्यटकांसाठी उघडं ठेवलंय. लिहिणाऱ्याने दोन्ही ठिकाणं एकत्र कालवली होती. सिस्बरी आहे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला, ससेक्समध्ये, वर्दिंग गावाच्या मागे. इथल्या खाणी केव्हाच बुजल्या आहेत. वर दिसतात ते गवताळ खळगे, त्यात काटेरी झुडपं आणि त्यांच्या कडेला चरणारी तट्टं.

“दादा, हे खळगे म्हणजेच खाणी?” मी मावसभावाला विचारलं. तो ससेक्समधल्याच क्रॉलीला राहतो, त्याला अशा गोष्टींची सवय आहे.

“मग काय, तुला लिफ्ट हवी होती?”

तरीही जा, पण काय बघायचं ते ठरवून जा. लंडन व्हिक्टोरियाहून वर्दिंगला थेट ट्रेन, साधारण दीड तास. तिथून हॉर्शमच्या दिशेची बस टेकडीजवळच्या फिंडन गावाला सोडते. फिंडनमधून चढ फारसा नाही. टेकडीची उंची १८४ मीटर, राजगड-तोरणा करणाऱ्यांना हे आकडे वाचून हसू येईल. आम्हालाही आलं होतं. पण हा खडूचा डोंगर आहे. पाऊस पडून गेला की पांढऱ्या चिखलाचा थर बसतो आणि त्यावर चालणं म्हणजे ओल्या साबणाच्या वडीवर चालणं. त्यात चकमकीचे धारदार तुकडे जागोजागी वर आलेले. पडलात तर हात कापतो, नुसता खरचटत नाही. ऑक्टोबर ते मार्च जाणार असाल तर खोल खाचांच्या तळव्याचे बूट आणि निदान एक काठी. ट्रेकिंगची सवय असेल तर बाकी तयारी सांगायला नको.

टेकडीच्या माथ्यावरचा किल्ला म्हणजे मातीचा तट आणि बाहेर खंदक, लोहयुगातला, इ.स.पू. ४००च्या आसपासचा. आत शिरून सरळ पश्चिमेच्या टोकाला जा. खळगे तिथेच आहेत, दोनशेहून जास्त. यातली काही विवरं बारा मीटरपर्यंत खोल होती आणि तळाशी चकमकीच्या थराच्या मागावर आडवी भुयारं निघत. खोदकाम सांबराच्या जातीच्या लाल हरणाच्या शिंगांनी, माती ओढायला बैलाच्या खांद्याचं हाड. वरचे थर टाकून खालचा, भेगा नसलेला थर गाठायचा, कारण कुऱ्हाडीला लांबच्या लांब अखंड दगडी गाभा लागतो. ससेक्समधल्या खाणींचा काळ इ.स.पू. ४०००च्या आसपास जातो, म्हणजे ग्राइम्स ग्रेव्ह्जपेक्षा हजाराहून जास्त वर्षं जुना. एवढी सगळी उठाठेव मुख्यतः कुऱ्हाडींसाठी. आपल्याकडे इनामगाव-नेवाशाच्या उत्खननात निघालेली कॅल्सेडनी दगडाची छोटी पाती पाहून ज्यांनी दगडी हत्यारांची कल्पना बांधली असेल, त्यांनी इथे मनातला आकार बराच मोठा करून घ्यावा.

खाणी आधीच्या की तट आधीचा, हा वाद एकोणिसाव्या शतकात होता. लेन फॉक्स या पुरातत्त्व-संशोधकाने (पुढे हेच पिट-रिव्हर्स नावाने गाजले) १८७५ मध्ये खोदून दाखवलं की तट आणि खंदक बुजलेल्या विवरांवरून गेले आहेत. म्हणजे खाणी आधीच्या. तटाच्या पश्चिम बाजूला उभं राहून हे मनात आणलं की खळगे एकदम वाचता येऊ लागतात, आणि मला तरी तिथे पंधरा मिनिटं कुठे हलावंसं वाटलं नाही. हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला आइल ऑफ वाइट हे बेटही दिसतं म्हणतात, आम्हाला धुकं दिसलं.

इथून परत फिरा. हे मी मनापासून सांगतेय.

आम्ही फिरलो नाही, कारण फोनवरच्या मार्गात ‘चार चकमक-खाणी, गोलाकार, सोपा’ असं लिहिलं होतं. सिस्बरीहून चँक्टनबरी रिंग ही दुसरी टेकडी, तिथून वॉशिंग्टन गावाकडे उतार, मग साउथ डाउन्स वे ही राष्ट्रीय पायवाट धरून पश्चिमेला आणि तिथून दक्षिणेला ब्लॅकपॅच, हॅरो हिल, चर्च हिल या उरलेल्या तीन खाणी, शेवटी फिंडन. कागदावर फार सुंदर. मधे ए-२४ आहे हे कुणी मोठ्या अक्षरात लिहिलंच नव्हतं.

ए-२४ म्हणजे दुहेरी मार्ग, दोन्हीकडून गाड्या सुसाट. आणि राष्ट्रीय पायवाट, अधिकृत, खांबावर बाण लावलेली, त्या रस्त्याच्या कडेला येऊन सरळ पलीकडे जायला सांगते. सिग्नल नाही, पूल नाही. पळत अर्धा रस्ता ओलांडायचा, मधल्या पट्ट्यावर थांबायचं, तिथे ट्रकच्या वाऱ्याने टोपी उडणार, मग उरलेला अर्धा. आमच्या मागे एक कुटुंब होतं, दोन लहान मुलं आणि कुत्रा. त्यांच्याकडे बघून मला अजून धडधडतं. देशभरातल्या वाटा इतक्या काटेकोर जपणाऱ्या लोकांनी हे असं कसं ठेवलंय?

यावर उपाय आहे आणि तो अगदी जवळ आहे, म्हणून तर जास्त चीड येते. साउथ डाउन्स वेचा पर्यायी मार्ग वॉशिंग्टन गावातून जातो आणि तिथे रस्त्यावर पूल आहे. थोडं जास्त चालावं लागतं. चँक्टनबरीहून उतरताना पर्यायी मार्गाची पाटी शोधायची आणि फोन काय म्हणतो ते ऐकायचं नाही. तरीही परतताना फिंडनजवळ हाच रस्ता पुन्हा आडवा येतो. गावाचं जुनं चर्च एका बाजूला, गाव दुसऱ्या बाजूला, मधून ए-२४. अंधार पडल्यावर तो ओलांडणं हा निव्वळ मूर्खपणा आहे, आणि ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं मागे गेली की पाचच्या आधीच सूर्य मावळतो.

बरं, एवढं करून पश्चिमेकडे मिळतं काय? ब्लॅकपॅचला काहीच नाही. अक्षरशः काहीच. हिरवं शेत. तिथली खाण १९२२ मध्ये जॉन पुल नावाच्या वर्दिंगच्या हौशी संशोधकाने शोधली. नोकरी पोस्टात, पदवी नाही, सुट्टीत मित्रांना घेऊन खोदायचा, आणि स्थानिक विद्वानांशी त्याचं कायम बिनसलेलं. पुढे १९५०च्या सुमारास बुलडोझर फिरला आणि ब्लॅकपॅचचे खळगे-उंचवटे सपाट झाले. म्हणजे आज ती खाण पुलच्या नोंदींमध्ये आणि त्याने काढलेल्या वस्तूंमध्ये उरलीय. त्याने पुढे सिस्बरीतही काम केलं. शेवटी तो एका बँकेत पहारेकरी होता आणि १९६० मध्ये दरोडेखोराच्या गोळीने गेला. त्या ओसाड शेताच्या कडेला पाय दुखत असताना मावसभावाने हे सांगितलं, आणि माझी चिडचिड तेवढ्यापुरती थांबली. हॅरो हिल खाजगी जमिनीत आहे, लांबून बघायचं. चर्च हिलला आम्ही पोचलोच नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: सकाळी वर्दिंगचं म्युझियम, दुपारी फक्त सिस्बरी, उजेड असताना बस. म्युझियम स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि पुलचा संग्रह त्याच्याकडे आहे. मात्र निघण्याआधी उघडं आहे का ते नक्की बघा, आठवड्यातले सगळे दिवस उघडं नसतं. आधी कुऱ्हाड, शिंग आणि कच्चा गाभा काचेआड बघून टेकडीवर गेलात तर खळग्यांना अर्थ येतो. आम्ही उलट केलं आणि म्युझियममध्ये उभं राहून ‘अरे, हे तिथे हवं होतं’ असं म्हणत बसलो. लंडनच्या बाहेर पडायलाच वेळ नसेल तर ब्रिटिश म्युझियममध्ये ग्राइम्स ग्रेव्ह्जचं साहित्य आहे, तेवढ्यावर भागवा.

टेकडीवरून दगड उचलू नका. ती नॅशनल ट्रस्टची जमीन आणि कायद्याने संरक्षित स्मारक आहे, खणणं किंवा मेटल डिटेक्टर चालवणं तर गुन्हाच. नांगरलेल्या शेतात मालकाच्या परवानगीने काही सापडलं तर जागेवर फोटो काढा, नकाशावरचे आकडे टिपा आणि पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या (लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणारी योजना) त्या जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याला दाखवा. ते लोक नोंद करून वस्तू सहसा परत देतात.

दुसऱ्या दिवशी अरुंडेल हे ससेक्समधलंच गाव. किल्ला, नदी, चहा, ऊन. छान आहे, इतरांनी भरपूर लिहिलंय.

लिहायचंय ते तिथून परतताना लागलेल्या जुन्या वस्तूंच्या बाजाराबद्दल. एका टेबलावर मखमलीवर मांडलेले चकमकीचे तुकडे, एकावर चिठ्ठी: ‘नवाश्मयुगीन खरवडणी (म्हणजे खरवडण्याचं हत्यार), खात्रीशीर’. किंमत ४५ पौंड. तुकडा काळाकुळकुळीत, चकचकीत, कडा ब्लेडसारख्या. आता बघा, खडूच्या जमिनीत हजारो वर्षं पडलेली चकमक बहुतेकदा पांढुरकी किंवा निळसर-पांढरी पडते. आतून काळी असते, पण तो काळा रंग उघड्यावर दिसला तर फूट ताजी असण्याचा संशय घ्यायचा. मग हातात घेऊन उलटी करा. माणसाने ठोकून काढलेल्या तुकड्यावर घाव घातलेला सपाट भाग दिसतो, त्याच्या लगेच खाली एक फुगवटा, आणि फुगवट्यापासून पसरत गेलेल्या वलयरेषा. थंडीने फुटलेल्या तुकड्यावर हे नसतं, तिथे बशीसारखा गोल खड्डा पडतो. आणि हे सगळं दिसलं तरी ते ठोकलेलं आहे एवढंच कळतं. ठोकलं कुणी, पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने की गेल्या रविवारी एखाद्या हौशी माणसाने, ते नाही कळत. खरवडणी म्हणायची तर एका कडेला बारीक-बारीक टवके काढून ती बोथट-गोल केलेली हवी. या तुकड्याची कड तशीच कोरी होती.

सापडल्याची जागा विचारली. “ससेक्स,” विकणारा म्हणाला. ससेक्समध्ये कुठे? “डाउन्सवर.” एवढ्या मोठ्या डोंगररांगेचं नाव सांगून तो गप्प. जागेची नोंद नसलेल्या दगडाला अभ्यासाच्या दृष्टीने काही किंमत नाही, आणि संरक्षित जागेवरून उचललेला असेल तर घेणाराही अडचणीत. आम्ही वळलो तसा भाव २० पौंडांवर आला, गेटजवळ पोचेपर्यंत १० वर. १० लाही घेऊ नका. फिंडनमध्ये घरांच्या भिंती याच दगडाच्या आहेत, त्या फुकट बघता येतात.