छपरावरची गाय आणि कस्टर काउंटी

परवा रात्री झोप येत नव्हती म्हणून जुने फोटो बघत बसलो होतो तर एक फोटो असा सापडला की अजून डोक्यातून जात नाहीये. 1886 सालचा, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या कस्टर काउंटीतला (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं), रॉडिंग नावाच्या कुटुंबाचा. मातीचं बुटकं घर, घरासमोर अंगणात टेबल मांडलेलं, त्यावर कलिंगड, सगळं कुटुंब कॅमेऱ्याकडे बघत बसलंय आणि मागे चक्क घराच्या छपरावर गाय उभी! नंतर लक्षात आलं की घर टेकडीच्या उतारात खोदून बांधलंय, गाय टेकडीवरच आहे. पण तोपर्यंत मी पूर्ण अडकलो होतो, मग दोन-तीन रात्री त्या काउंटीच्या इतिहासातच गेल्या.

तर 1862 चा होमस्टेड कायदा. 160 एकर सरकारी जमीन जवळजवळ फुकट, फक्त फी भरायची, घर बांधायचं, जमीन कसायची आणि पाच वर्षं टिकून दाखवायचं. ऐकायला लॉटरी वाटते ना? पण तिथे झाडंच नाहीत हो. नजर जाईल तिथवर गवत. लाकूड नाही म्हणजे घर कशाचं बांधणार आणि चूल कशावर पेटवणार? चुलीचं उत्तर म्हणजे रानशेण्या, आधी गव्यांच्या, नंतर गुरांच्या, बायकापोरं माळावर वेचत फिरायची. आणि घराचं उत्तर पायाखालीच होतं. त्या गवताची मुळं इतकी दाट की खास नांगराने लांब पट्टे कापले की माती विस्कटतच नाही, मग त्या पट्ट्यांच्या तीनेक फुटांच्या ढेपा करायच्या आणि गवताची बाजू खाली ठेवून विटांसारख्या रचत जायच्या. भिंत दोन फूट, कधी त्याहून जाड. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, एवढं सोडलं तर बाकी आनंदच! पाऊस थांबल्यावरही घरात गळत राहायचं, आढ्यातून साप लोंबायचे, जेवणात माती पडू नये म्हणून आतून छताला कापड ताणून बांधायचे. लोक त्या मातीला ‘नेब्रास्का मार्बल’ म्हणायचे, म्हणजे विनोदबुद्धी शाबूत होती.

हे सगळं आज आपल्याला इतकं बारकाईने दिसतं ते सॉलोमन बुचर नावाच्या एका माणसामुळे, आणि खरं सांगायचं तर मला या सगळ्या कहाणीत तोच जास्त आवडला. 1880 मध्ये वडिलांबरोबर आला, जमीन घेतली आणि लगेच कळलं की हे आपलं काम नाही, जमीन सोडली. मग मेडिकल कॉलेज, तेही अर्धवट, परत येऊन मास्तरकी, मग फोटो स्टुडिओ. 1886 ला डोक्यात आलं की काउंटीचा इतिहास लिहायचा, घोडागाडीत कॅमेरा टाकून हा घरोघर फिरायला लागला. घरात अंधार, त्यामुळे फोटो बाहेरच काढायचे. मग लोक काय करायचे, घरातलं जे जे चांगलं ते सगळं अंगणात आणायचे. शिवणयंत्र, पक्ष्याचा पिंजरा, घोडे. चार क्रिसमन बहिणींचा फोटो तर खूपच गाजलेला आहे, चौघी ढेपांच्या घरासमोर उभ्या. (हो, अविवाहित बाईलाही स्वतःच्या नावावर जमीन घेता यायची.) बुचर काचेच्या निगेटिव्हवर ओरखडे काढून फोटोत बदकंही घुसवायचा, तेव्हाचं फोटोशॉप!

फोटोत नसलेली माणसंही आहेत. हा सगळा पॉनी या मूळ अमेरिकन जमातीचा शिकारीचा टापू, 1870 च्या दशकात त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं आणि 1877 ला काउंटी झाली, तिला नाव दिलं आदल्याच वर्षी मूळ अमेरिकन लोकांशी लढताना लिटल बिगहॉर्नच्या लढाईत मेलेल्या जनरल कस्टरचं. मुख्य गावाचं नाव तर ब्रोकन बो, मोडकं धनुष्य. पोस्टखात्याने आधीची नावं नाकारली तेव्हा तिथे सापडलेल्या मोडक्या धनुष्यावरून सुचलं म्हणे. यावर मी काय बोलू.

शेतकऱ्यांच्या आधी तिथे मोठे गुरंवाले होते आणि त्यांना ही नांगरवाली मंडळी डोळ्यात सलायची. 1878 ला मिचेल आणि केचम या दोन शेतकऱ्यांशी झालेल्या चकमकीत टेक्सासहून आलेल्या प्रिंट ऑलिव्ह या बड्या गुरंवाल्याचा भाऊ मेला, ऑलिव्हच्या माणसांनी दोघांना पकडून फाशी दिली, प्रेतंही जाळली. हेस्टिंग्ज गावच्या कोर्टात ऑलिव्हला जन्मठेप झाली. पण वरच्या कोर्टाने म्हटलं, गुन्हा ज्या काउंटीत झाला तिथेच खटला चालायला हवा. तिथे साक्षीदारच आले नाहीत. सुटला.

1886 ला रेल्वे आली, लोकांचा लोंढा आला. नांगराच्या मागून पाऊस येतो असं तेव्हा शिकलेसवरलेले लोकही सांगत होते, जमीन नांगरत जा, पाऊस वाढत जाईल. मग 1890 आणि 1894 चे दुष्काळ पडले आणि कितीतरी घरं गाड्या भरून परत गेली.

बुचरचं घर 1899 मध्ये जळालं, काचेच्या निगेटिव्ह मात्र धान्याच्या कोठारात होत्या म्हणून वाचल्या. 1901 ला पुस्तक निघालं. पुढे तीन हजारांवर काचा त्याने राज्याच्या इतिहास संस्थेला 600 डॉलरला विकल्या आणि मग तेल शोधायचं विजेचं यंत्र काढलं, रामबाण औषधही काढून बघितलं, दोन्ही चाललं नाही.

त्याच्या संग्रहात अजून एक फोटो आहे. हिल्टन कुटुंब अंगणात उभं आहे, मध्ये मोठा पायपेटीसारखा ऑर्गन, आजूबाजूला गुरं. घर कुठेच दिसत नाही. माहेरच्या लोकांना आपण ढेपांच्या घरात राहतो हे कळायला नको म्हणून बाईंनी हट्टाने तो जड ऑर्गन बाहेर ओढायला लावला, फोटो झाल्यावर परत आत.