मॅन्युअल थेरपी फेलोशिप: परीक्षेपेक्षा जास्त दमवलं ते तासांच्या पत्राने

सुट्टीला बडोद्याला आले की ज्युनियर्सचे फोन सुरू होतात, ताई अमेरिकेत मॅन्युअल थेरपीची (म्हणजे हाताने सांधे-स्नायूंवर करायच्या उपचारांची) फेलोशिप करायचीय, अप्लाय कुठे करू. सगळ्यांना तेच तेच सांगतेय म्हणून एकदाच लिहून टाकते.

पहिलं म्हणजे बीपीटी, एमपीटी या आपल्या फिजिओथेरपीच्या डिग्र्या झाल्या की डायरेक्ट फेलोशिपला अप्लाय असं तिथे नसतं. ही फेलोशिप लायसन्स असलेल्या फिजिकल थेरपिस्टसाठी आहे, म्हणजे आधी आपली डिग्री तिकडच्या एजन्सीकडून तपासून घ्यायची, मग एनपीटीई, म्हणजे तिकडची लायसन्सची परीक्षा द्यायची, मग स्टेटचं लायसन्स, मग नोकरी. आणि बहुतेक प्रोग्रॅम्सना त्याच्याही पुढचं काहीतरी हवं असतं, एकतर ऑर्थोची (हाडं-सांध्यांची) रेसिडेन्सी, म्हणजे मेंटरच्या हाताखालचं ट्रेनिंग, नाहीतर ओसीएस, म्हणजे ऑर्थोपेडिकचं बोर्ड सर्टिफिकेशन. रेसिडेन्सी केलेली नसेल तर ओसीएसच्या परीक्षेला बसायला ऑर्थोच्या पेशंटवर २००० तास काम झालेलं लागतं. तेव्हा वर्षभरात सगळं उरकेल असं घरच्यांना सांगू नका, माझ्या बाबांना हे समजावण्यातच माझी कितीतरी संध्याकाळची जेवणं गेली.

आता मुद्द्याचं. या सगळ्या साखळीत माझं घोडं कुठे अडलं असेल तर एका पत्रावर, आणि तेही इथेच, अमेरिकेत नाही. आपल्या मार्कशीटवर फक्त मार्क असतात. तिकडच्या एजन्सीला मात्र प्रत्येक विषयाचे तास लागतात, थिअरी किती, प्रॅक्टिकल किती, क्लिनिकल किती, आणि तेसुद्धा तुमच्या हातून नाही, युनिव्हर्सिटीने स्वतः सही-शिक्का मारून थेट पाठवलेले. ही मागणी मला पटते, त्यांच्या डिग्रीशी आपली साडेचार वर्षं ताडून बघायची तर तास कळल्याशिवाय कशी बघणार.

पण आमच्या युनिव्हर्सिटीत (नाव लिहीत नाही) हे पत्र द्यायचं कोणी हेच कोणाला माहीत नव्हतं. एक्झाम सेक्शन म्हणे आम्ही ट्रान्सक्रिप्ट देतो, तासांचं अ‍ॅकॅडमिकला विचारा. अ‍ॅकॅडमिकवाले म्हणे सिलॅबस छापील आहे तो घ्या, त्यात असतील तास. सिलॅबस उघडला तर निम्म्या विषयांना आठवड्याचे लेक्चर्स लिहिलेले, निम्म्यांना काहीच नाही, आणि तो पण सुधारित, माझ्या बॅचचा नाहीच. कॉलेजमध्ये गेले तर तिथे क्लिनिकल पोस्टिंगचं रजिस्टर होतं, पण सर म्हणाले आम्ही सही करू शकत नाही, युनिव्हर्सिटीकडून पत्र आलं तर माहिती देऊ. युनिव्हर्सिटी म्हणते कॉलेजने आधी लिहून द्यावं. म्हणजे दोघंही एकमेकांच्या पत्राची वाट बघत बसलेले आणि मधे मी. सकाळचं क्लिनिक सोडून जायचं, खिडकीपाशी उभं राहायचं, आणि ऐकायचं काय तर "साहेब रजा पर छे, काले आवजो," म्हणजे साहेब रजेवर आहेत, उद्या या. काले गेलं की साहेब मीटिंगमध्ये. त्या खिडकीतल्या माणसाने एकदाही माझा कागद हातात धरून पूर्ण वाचला नाही, याचा मला आजही संताप येतो. एका मुलीचं करिअर त्या कागदावर अडलंय हे त्याला दिसत नव्हतं असं नाही, मी स्वतः सांगितलं होतं.

शेवटी सुटलं ते असं. अ‍ॅकॅडमिक सेक्शनला एक मॅडम होत्या, आमचं मराठी ऐकून त्यांनी आत बोलावलं आणि सरळ विचारलं, बेटा, तुला नेमका कसा कागद हवाय ते दाखव. मी त्याच रात्री टाइप करायला बसले, वर्षवार तक्ता केला, विषयाचं नाव, थिअरी, प्रॅक्टिकल, क्लिनिकल, खाली बेरीज, बाजूला माझ्या बॅचच्या सिलॅबसचा पान नंबर. क्लिनिकलचा रकाना कॉलेजच्या रजिस्टरवरून भरला आणि त्या रजिस्टरच्या पानांच्या कॉपीवर एचओडींकडून (विभागप्रमुखांकडून) सही घेतली, ती द्यायला त्यांची ना नव्हती. आता युनिव्हर्सिटीला फक्त ताडून बघायचं होतं, आणि मॅडमनी खरंच प्रत्येक ओळ ताडली. रजिस्ट्रारची सही झाली. मग आवक-जावकवाले म्हणाले परदेशात पाठवायची सोय नाही, तर कुरिअरचे पैसे मी भरते, पाकीट तुम्ही सील करून तुमच्या हाताने कुरिअरवाल्याला द्या, असा लेखी अर्ज केला आणि तो मंजूर झाला. फाइल क्लिअर झाल्याचा मेल आला तेव्हा मी मांडवीत भाजी घेत होते, तिथूनच आईला फोन लावला आणि दोघी रडलो.

म्हणून सांगते, अजून कॉलेजात असाल तर इंटर्नशिप संपायच्या आत स्वतःच्या बॅचचा सिलॅबस आणि पोस्टिंगच्या तासांचं पत्र सही-शिक्क्यानिशी घेऊन ठेवा. नंतर एचओडी बदलतात, रजिस्टरं गोडाऊनला जातात.

बाकीचं पटकन. एनपीटीई वर्षात चारदा ठरलेल्या तारखांनाच होते, २०० ते ८०० चं स्केल आहे आणि ६०० ला पास, वर्षात तीनदाच आणि आयुष्यात सहादाच देता येते, तेव्हा बघू एकदा देऊन असं करू नका. टोफेलमध्ये, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेत, स्पीकिंगची खूप प्रॅक्टिस करा. व्हिसावर लिहीत नाही, ते नियम फार बदलतात.

हां, आणि सगळ्यात आधी स्टेट ठरवा. प्रत्येक स्टेटला वेगळे कागद लागतात, आणि हे न ठरवता फी भरली तर पुन्हा भरावी लागू शकते.

फेलोशिपला मात्र शंभर टक्के मार्क. इथे वीकेंडला दोन दिवसांचा कोर्स करून लोक नावापुढे मॅन्युअल थेरपिस्ट लावतात, ते आणि हे एक नाही. तिथे मी पेशंट तपासत असताना मेंटर त्याच खोलीत उभे असायचे आणि नंतर एकेका निर्णयाचं कारण विचारायचे. कॉलेजात मेटलंडच्या ग्रेड १ ते ४, म्हणजे सांधा हाताने किती हलवायचा त्याच्या पायऱ्या, पाठ केल्या होत्या, पण हात लावायच्या आधी आणि नंतर तीच एक हालचाल पुन्हा तपासून फरक पडला का ते बघायचं, ही शिस्त तिथे अंगात मुरली. मानेला थ्रस्ट, म्हणजे हाताने झटका द्यायच्या आधी बीपी, क्रेनियल नर्व्ह्ज (मेंदूतून निघणाऱ्या नसा), चक्कर, डोकेदुखीची हिस्टरी, सगळं तपासून-विचारूनच पुढे, आणि जरा शंका आली तर थ्रस्ट नाहीच. ऑर्थोपेडिक मॅन्युअल थेरपीची जागतिक संघटना आयफॉम्प्ट १९७४ पासून आहे आणि अमेरिकेतली याच विषयाची अकॅडमी १९९१ पासून, त्यांच्या स्टँडर्डप्रमाणे चालणारा प्रोग्रॅमच निवडा, मान्यता आहे का ते फी भरायच्या आधी बघा.

अजून एक राहिलं, नाव. आपल्याकडे गुजरातच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं आणि पासपोर्टवर वेगळ्या क्रमाने, त्यात लग्न झालेलं असेल तर विचारूच नका. अ‍ॅफिडेव्हिट आधीच करून पहिल्याच पाकिटात घाला.