नवीन डोमेन, जुनं प्रोफाइल आणि एका फाइलीने खाल्लेला माझा शनिवार

आमच्याकडे ३८ पीसी, जुनं डोमेन (ऑफिसातली सगळी लॉगिन एका सर्व्हरवरून चालवणारी व्यवस्था) बंद होऊन सगळे नवीन डोमेनवर न्यायचे होते, आणि वरून हुकूम असा की लोकांना काही कळताच कामा नये, डेस्कटॉप, आउटलुक, बुकमार्क सगळं होतं तसंच दिसलं पाहिजे. ३७ मशीन तयार टूलने केली, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, झाली. हे सगळं लिहितोय ते त्या एका उरलेल्या पीसीसाठी, कारण डोकं अजून थंड झालेलं नाही.

तो पीसी अकाउंट्सच्या मॅडमचा. कुणीतरी उत्साहाने तो आधीच नवीन डोमेनला जोडून ठेवला होता, मॅडमनी लॉगिनही केलं आणि समोर कोराकरकरीत डेस्कटॉप. "अहो सर, माझं सगळं गेलं!" गेलं काहीच नव्हतं. विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही, एसआयडीने, म्हणजे प्रत्येक खात्याच्या लांबलचक ओळख क्रमांकाने ओळखतं, आणि नवीन डोमेनमध्ये नाव तेच असलं तरी एसआयडी दुसरा, त्यामुळे जुन्या प्रोफाइल फोल्डरच्या (यूझरचा डेस्कटॉप, फाइली, सेटिंग सगळं ह्यातच) शेजारी नावापुढे डॉट लावून डोमेनचं नाव असलेलं नवीन फोल्डर तयार होतं. जुनं तिथेच पडून असतं. मी म्हटलं आता टूल कशाला, हाताने करू, दहा मिनिटांचं काम. माज, दुसरं काय.

कृती तशी सोपी आहे. लोकल अ‍ॅडमिनने (डोमेनचं नाही, त्या पीसीचंच मुख्य खातं) लॉगिन करायचं, जुन्या फोल्डरवर नवीन यूझरला फुल कंट्रोल द्यायचा, मग रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, प्रोफाइललिस्टमध्ये जाऊन नवीन एसआयडीच्या की मध्ये (की म्हणजे रजिस्ट्रीतला कप्पा) प्रोफाइलइमेजपाथ बदलून जुन्या फोल्डरचा पत्ता टाकायचा. केलं, मॅडमना लॉगिन करायला लावलं, आणि "वी कान्ट साइन इन टू युवर अकाउंट". टेंपररी प्रोफाइल, म्हणजे खरं उघडलं नाही म्हणून विंडोजने दिलेलं तात्पुरतं कोरं.

इथे एक मधेच सांगतो, हा मेसेज आला की यूझरला कीबोर्डला हात लावू देऊ नका. मी दुसऱ्या टेबलावर गेलो तेवढ्यात मॅडमनी एक यादी टाइप करून डेस्कटॉपवर सेव्ह केली, लॉगआउट झाल्यावर ती यादी गेली ती गेलीच, टेंपररी प्रोफाइलमधलं काहीही उरत नाही. ती यादी अजून माझ्या नावावर आहे.

तर परत रजिस्ट्री. टेंपररी प्रोफाइल आलं की त्या एसआयडीच्या की ला पुढे डॉट बॅक लागतो आणि त्याच एसआयडीची दुसरी की तयार होते. ती दुसरी उडवायची, डॉट बॅकवालीचं नाव सरळ करायचं, त्यात स्टेट आणि रेफकाउंट ह्या नोंदी असतील तर त्या शून्य. एवढं केलं आणि मग आठवलं की परमिशन दोन ठिकाणी असतात. फोल्डरवर दिली म्हणजे दाराची किल्ली दिली, पण एनटीयूझर डॉट डॅट ही फाइल म्हणजे त्या यूझरची अख्खी रजिस्ट्री, आणि तिच्या आत वेगळ्या परमिशन असतात, तिथे अजून जुन्याच एसआयडीचं नाव. म्हणून रजिस्ट्री एडिटरमध्ये एचकी यूझर्सवर उभं राहून लोड हाइव्ह (अशा रजिस्ट्रीच्या फाइलीलाच हाइव्ह म्हणतात), ती फाइल उघडली, नवीन यूझरला फुल कंट्रोल, खालच्या सगळ्या की वर लागू. एडिटर बंद केला. लॉगिन. परत टेंपररी प्रोफाइल.

आता इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही उघडली. नोंद क्रमांक १५११, म्हणजे प्रोफाइल सापडलं नाही म्हणून टेंपररी दिलं, हे तर दिसतंच होतं. त्याच्या जरा आधी १५०८, रजिस्ट्री लोड झाली नाही, बहुतेक वेळा मेमरी कमी किंवा परमिशन कमी असते. परमिशन हा शब्द वाचला आणि मी फोल्डरच्या परमिशन दुसऱ्यांदा दिल्या, मग मालकी बदलून तिसऱ्यांदा, प्रत्येक वेळी त्या डॉट बॅकचा तमाशा परत, प्रत्येक वेळी लॉगिन, परत तेच. दोन तास. मॅडम खुर्चीत बसून मोबाइल बघतायत आणि मधूनमधून "झालं का हो?"

मग कधीतरी त्या १५०८ची शेवटची ओळ वाचली. डिटेल, फाइल दुसरी प्रोसेस वापरतेय. म्हणजे मीच! हाइव्ह लोड केलं ते अनलोड केलंच नव्हतं. एडिटर बंद केला म्हणून हाइव्ह सुटत नाही, साइन आउट केलं तरी नाही, तुम्ही अनलोड म्हणेपर्यंत किंवा मशीन रीस्टार्ट होईपर्यंत विंडोज ती फाइल धरून बसतं. दिवसभर लोकांना "आधी रीस्टार्ट करून बघा" सांगणारा मी, दोन तासांत एकदा रीस्टार्ट केलं नाही.

अनलोड केलं, लॉगिन, मॅडमचा वॉलपेपर आला. स्टार्ट मेनू मात्र उघडेना, कारण अ‍ॅपडेटाच्या आत यूझरक्लास डॉट डॅट नावाची अजून एक तसलीच फाइल असते, तिलाही तोच उपचार, ह्या वेळी अनलोडसकट.

क्रोम, एजसारख्या ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड ह्या हाताच्या पद्धतीत येत नाहीत, ते जुन्या एसआयडीला आणि पासवर्डला बांधलेले असतात, त्यामुळे जुनं लॉगिन चालू असतानाच एक्स्पोर्ट करून घ्या. मला हे नंतर सुचलं, मॅडमनी विचारल्यावर. आणि जुन्या डोमेनमधून बाहेर पडायच्या आधी लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड टाकून एकदा खरंच लॉगिन करून बघा, माहीत आहे असं वाटणं वेगळं. लॅपटॉपवाल्यांचं पहिलं लॉगिन ऑफिसच्या नेटवर्कवरच करून घ्यायचं, घरी नेल्यावर नवीन डोमेनचा सर्व्हर दिसत नाही आणि कॅशमध्ये, म्हणजे लॅपटॉपवरच्या आधीच्या लॉगिनच्या साठ्यात, तर काहीच नसतं. पीसी डोमेन सापडत नाही म्हणाला तर आधी डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणारी सेवा) बघा.

आणि सगळं नीट झाल्यावर साफसफाईच्या नादात सिस्टिम प्रॉपर्टीजमधून जुनं प्रोफाइल डिलीट करू नका. जुन्या एसआयडीच्या की मध्येही त्याच फोल्डरचा पत्ता असतो, तिथून डिलीट दाबलं की फोल्डरच उडतं, म्हणजे आत्ता चालू असलेलं. प्रोफाइललिस्टमधली फक्त ती जुनी की काढायची. माझा माउस त्या बटणावर गेला होता.