चहाच्या रंगाची हृदयं

आज दिवसभर घरात कागद, कात्री आणि डिंक. नाताळच्या झाडासाठी जुन्या धाटणीची सजावट स्वतःच्या हाताने करायची, हे कधीचं मनात होतं.

आधी कोऱ्या कागदाला जुनेपण दिलं. बिनदुधाचा कडक चहा ब्रशने फिरवला, कागद वाळला की जाड पुस्तकाखाली दाबून ठेवला. कडांना रंग जरा जास्त साचतो आणि तेच मला सगळ्यात आवडतं.

मग विणलेली हृदयं. डेन्मार्कमध्ये ती नाताळात घरोघरी करतात. आज ज्ञात असलेलं सगळ्यात जुनं हृदय परीकथाकार हान्स ख्रिश्चन अँडरसन यांनी १८६० साली केलेलं आहे. लागतात फक्त दोन रंगांचे, दुमडून एका टोकाला गोल कापलेले कागद. प्रत्येकाच्या दुमडलेल्या बाजूने काप देऊन तीन-तीन पट्ट्या करायच्या. पट्टी एकदा समोरच्या पट्टीच्या पोटातून जाते, त्यापुढच्या पट्टीला स्वतःच्या पोटात घेते. माझी पहिली दोन फाटली. काप कागदाच्या रुंदीपेक्षा थोडा जास्त खोल हवा, नाहीतर शेवटची पट्टी सरकतच नाही! तिसरं जमलं तेव्हा मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. उघडलं की त्याची छोटी पिशवी होते, आत चिठ्ठी मावते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीत ड्रेस्डेन शहराच्या नावाने ओळखले जाणारे, उठावाच्या सोनेरी पुठ्ठ्याचे, नाताळच्या झाडावर टांगायचे नग होत. तसा एक मासा करायचाय. पुठ्ठा कापून ठेवलाय, खवले उद्या.