गुवाहाटीपेक्षा दुबई जवळ!

आज मुंबईहून दुबईला आले. सरळ रेषेत साधारण १,९३० किलोमीटर, म्हणजे मुंबईकरांना गुवाहाटीपेक्षा दुबई जवळ! विमान हवेत तीन तासांच्या आसपास. (डोंबिवलीहून विमानतळ गाठायला किती लागले, ते विचारू नका.) इथलं घड्याळ दीड तास मागे, त्यामुळे दिवस फुकटात लांबला. शेजारच्या काकांनी मात्र घड्याळ बदललंच नाही. गोळ्या भारतीय वेळेनेच घेणार म्हणे. पटलं मला.

परतीला वेळ थोडा कमी लागतो. हिवाळ्यात तर उंचावरचे पश्चिमी वारे विमानाला पाठीमागून चांगलेच रेटतात. पण तेव्हा हाच दीड तास घड्याळ परत घेणार! आत्ता आईचा फोन, "जेवलीस का?" तिकडे साडेनऊ, इथे आठच.